जिप्सीचं तिसरं सिलिंडर आणि गेजवरचा आकडा

एक नंबर १७२, दोन नंबर १७४, तीन नंबर ११८, चार नंबर १७०. हे सिलिंडरच्या कॉम्प्रेशनचे, म्हणजे पिस्टन हवा किती दाबतो त्याचे आकडे, पीएसआय या दाबाच्या एककात. इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्रत्येक सिलिंडरला सहा ठोके. तीन नंबर मार खातोय हे शेंबडं पोरही सांगेल. पण हेड उतरवायचं की नाही, आणि बाकीचे १७०-१७४ तरी बरोबर मानायचे का, हे या चार आकड्यांतून कळत नाही. ते कळायला दोन दिवस लागले. काय काय केलं ते इथे ओळीने लिहितोय.

गाडी मारुती जिप्सी. १२९८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्वचं पेट्रोल इंजिन. मूळ बोअर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५. इथे सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत ब्लॉक बोअर करून ०.५० ओव्हरसाइज पिस्टन बसवलेले, म्हणजे बोअर ७४.५ आणि सीसी साधारण १३१६. हेडला फेस मारलेला, कॅम घासून जास्त ड्युरेशनचा, म्हणजे व्हॉल्व जास्त वेळ उघडे ठेवणारा केलेला, एक्झॉस्टला चार नळ्या एकात मिळणारा फोर-इन्टू-वन हेडर. तक्रार अशी की तुळजापूरचा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये गाडी दम सोडते. धूर नाही, ऑइल खात नाही, पाणी कमी होत नाही. आयडलला किंचित लंगडते. पण असा कॅम टाकलेलं इंजिन आयडलला थोडं लंगडतंच, त्यामुळे एखादं सिलिंडर मार खात असेल तरी ते त्या आवाजात लपून जातं. मॉडिफाइड गाडीची ही पहिली पंचाईत. स्टँडर्ड गाडीत जे लगेच कानाला खटकतं, ते इथे 'कॅमचा आवाज आहे' म्हणून सोडून दिलं जातं.

दुसरी पंचाईत पुस्तकातल्या आकड्यांची. सुझुकीच्या या जातीच्या इंजिनांना स्टँडर्ड कॉम्प्रेशन चौरस सेंटिमीटरला १४ किलो, म्हणजे १९९ पीएसआय. खालची मर्यादा १२ किलो, म्हणजे १७०. आणि कोणत्याही दोन सिलिंडरांमधला फरक १ किलोपेक्षा, म्हणजे १४ पीएसआयपेक्षा जास्त नको. या हिशेबाने आपलं एक, दोन आणि चार नंबरही मर्यादेवर टेकलेले. पुस्तक धरून बसणारा मिस्त्री लगेच रिंगा आणायला पाठवेल. पण याच इंजिनाने काम झाल्यानंतर १००० किमीवर, याच गेजवर दिलेले आकडे वहीत आहेत: १७६, १७८, १७५, १७७. म्हणजे तिघांची घसरण चार ते सात पीएसआयची. ती काहीच नाही.

नव्याने बांधलेलं इंजिन, हेड घासलेलं, कॉम्प्रेशन रेशो वाढवलेला, तरी आकडा १९९ च्या वर जायचा सोडून खाली का? कारण कॅममध्ये आहे. हेड बांधण्याआधी ब्युरेटने आणि अ‍ॅक्रिलिकच्या चकतीने चेंबर मोजलं होतं. गॅस्केट आणि पिस्टनचा माथा धरून पिस्टनच्या वर ३७.४ सीसी जागा उरते. एका सिलिंडरची झाडणी, म्हणजे पिस्टन तळापासून माथ्यापर्यंत व्यापतो ती जागा, ३२९ सीसी. दोन्हींच्या बेरजेला ३७.४ ने भागलं की कॉम्प्रेशन रेशो ९.८. कागदावर झकास. पण हा कॅम इनटेक व्हॉल्व बंद करतो पिस्टन तळाला जाऊन परत ६५ अंश फिरल्यावर. तोवर पिस्टन ७५.५ पैकी जवळजवळ १७ मिमी वर चढून आलेला असतो आणि त्या चढणीत आत घेतलेली हवा मॅनिफोल्डमध्ये परत ढकलत असतो. खरी दाबणी तिथून पुढे सुरू होते. इंजिन पाच हजार आरपीएमला फिरत असताना आत येणाऱ्या हवेचाच इतका वेग असतो की ती उलटी फिरत नाही, उलट आणखी भरते. सेल्फवर मात्र इंजिन जेमतेम अडीचशे-तीनशे आरपीएमला फिरतं आणि हवा निवांत परत जाते. म्हणून मोठ्या कॅमचं इंजिन गेजवर नेहमी गरीब दिसतं. टर्बोसाठी रेशो उतरवलेलं इंजिन तर आणखी गरीब.

त्यात सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर. इथली हवाच समुद्रकाठापेक्षा सुमारे पाच टक्के विरळ. किनाऱ्यावर १९९ दाखवणारं इंजिन इथे १८९-१९० दाखवेल आणि त्यात इंजिनाचा काही दोष नसेल. पुण्यात, त्याहून उंचावर, आणखी थोडं कमी. मुंबईचा मित्र फोनवर आपल्या गाडीचे आकडे सांगतो तेव्हा हे ध्यानात ठेवायचं.

म्हणून आम्ही पुस्तकाचा आकडा बाजूला ठेवतो. पाहायचं ते दोनच गोष्टींत: सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक, आणि त्याच इंजिनाचे जुने आकडे. ज्याच्याकडे जुने आकडे नाहीत त्याने गाडी चांगली चालते तेव्हाच एकदा मोजून ठेवावं. बिघडल्यावर मोजलेल्या पहिल्या आकड्याला तोलायला समोर काहीच नसतं.

आता प्रत्यक्ष काम. प्लग थंड इंजिनावरच पाव फेरा सैल करून परत हलके आवळून ठेवले. हेड अ‍ॅल्युमिनियमचं. गरम हेडमधून घट्ट बसलेला प्लग ओढून काढला तर आटे प्लगबरोबर बाहेर येतात, आणि मग हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांसाठी तारेचं वेटोळं, बसवायची वेळ येते. त्याआधी प्लगच्या खोल विहिरींमध्ये कॉम्प्रेसरची हवा मारली. या इंजिनात प्लग हेडच्या मधोमध, खोल नळीत असतात, आणि सोलापुरात मे महिन्यात बॉनेटखाली किती धूळ बसते ते वेगळं सांगायला नको. हवा न मारता प्लग काढला की ती सगळी धूळ सिलिंडरमध्ये. चार नंबरच्या विहिरीत तळाला ऑइल साचलेलं दिसलं. ते सिलिंडरमधून आलेलं नव्हतं, टॅपेट कव्हरच्या नळीच्या सीलमधून झिरपलेलं होतं. फडकं काडीला गुंडाळून पुसून घेतलं. ते तसंच राहिलं असतं तर प्लग काढताक्षणी आत ओघळून चार नंबरचा आकडा उगाच फुगला असता.

मग इंजिन चालू करून तापमानाचा काटा मध्यावर येईपर्यंत आणि रेडिएटरचा वरचा होज हाताला चटका देईपर्यंत गरम केलं. वर आणखी पाच मिनिटं, कारण पाणी लवकर तापतं, ऑइल उशिरा. यानंतर चालू इंजिनावर पेट्रोल पंपाचा रिले काढला. इंजिन आपोआप गुदमरून बंद पडलं. लाइनमधलं प्रेशरही गेलं आणि पुढे सेल्फ मारताना इंजेक्टर पेट्रोल फवारणार नाहीत याची खात्रीही झाली. रिले न काढता सेल्फ मारत बसलं तर पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, रिंगांचं सील जातं, आणि जितक्या वेळा मोजाल तितका आकडा खाली. शिवाय उघड्या प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर, आणि कॉइल जोडलेल्या असतील तर शेजारीच ठिणगी. म्हणून कॉइलचे कपलरही काढले. नुसत्या प्लग लीड काढून हवेत लोंबकळत ठेवू नयेत. करंटला जायला वाट मिळाली नाही की कॉइल आतून फुटते. कपलर काढून चावी फिरवली की डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागेल. घाबरायचं नाही, नंतर स्कॅनरने पुसता येतो.

चारही प्लग एकदम काढायचे. एकेक काढून मोजायची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी दिसते. त्यात सेल्फला बाकीच्या तीन सिलिंडरांचा दाब ओढावा लागतो, इंजिन सावकाश आणि हेलकावे घेत फिरतं. काढलेले प्लग क्रमाने पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात उभे केले. एक, दोन, चार खाकी. तीनचा काळपट, ओलसर, पेट्रोलचा वास मारणारा. आत गेलेलं पेट्रोल नीट जळत नाही एवढंच त्यातून कळतं, का जळत नाही ते नाही.

बॅटरीने आराम अवस्थेत १२.६ व्होल्ट दाखवले, सेल्फ मारताना १०.४. दहाच्या खाली जाणारी बॅटरी घेऊन मोजायला बसू नये. चार सिलिंडर, प्रत्येकी दोनदा, वर ओल्या चाचणीचे (सिलिंडरमध्ये ऑइल टाकून केलेल्या मोजणीचे) फेरे: इतका सेल्फ मारला की शेवटचं सिलिंडर थकलेल्या बॅटरीवर मोजलं जातं आणि बिचारं नापास होतं. आम्ही दुसरी बॅटरी जंप केबलने जोडूनच ठेवली. आणि चार नंबर झाल्यावर एक नंबर पुन्हा मोजला. पहिल्यांदा १७२, नंतर १७१. म्हणजे मधले आकडेही एकाच ताकदीवर घेतलेले.

थ्रॉटल उघडा ठेवणं ही सगळ्यात जास्त फसवणारी पायरी. पोरगं सीटवर, मी बॉनेटशी.

"पूर्ण दाबलास का रे?"

"दाबलोय की अण्णा, पार तळाला!"

टॉर्च मारून थ्रॉटल बॉडीत पाहिलं तर चकती पाऊण उघडलेली. पेडल तळाला टेकलं होतं खरं, पण केबलला झोल होता, आणि पेडलखाली रबरी मॅट दुमडून आली होती. मॅट काढली, केबल ओढून घेतली, तेव्हा चकती आडवी झाली. पेडलवर भरवसा ठेवू नये, चकती डोळ्यांनी पाहावी. पूर्ण बंद थ्रॉटलवर मोजलं तर याच इंजिनाचा आकडा तीस-चाळीस पीएसआयने सहज पडतो. चारही सिलिंडरांचा पडतो, त्यामुळे फरकावरून चूक पकडताही येत नाही.

आता गेजबद्दल, आणि इथे थोडं थांबतो. बाजारात दोन प्रकार: रबरी शंकू दाबून धरायचा, आणि आट्यांवर फिरवून बसवायचा. विहीर खोल असलेल्या इंजिनात दाबून धरायचा निव्वळ कुचकामी. आट्यांचा घ्यायचा, १४ मिमीचा. त्यातही नळी आणि अडॅप्टर वेगवेगळे असतील तर नळी उलटी फिरवताना अडॅप्टर हेडमध्येच राहतो आणि विहिरीत बोटं जात नाहीत. त्यासाठी लांब लोखंडी नळीचा एकसंध अडॅप्टर बरा. हातानेच आवळायचा, पाना लावायचा नाही. टोकाची ओ-रिंग शाबूत असली की हाताचा आवळा पुरतो.

नळीच्या आत सायकलच्या व्हॉल्वसारखा एकदिशा व्हॉल्व असतो. तो कुठे आहे ते पाहायचं. तो प्लगच्या बाजूच्या टोकाला हवा. स्वस्त गेजमध्ये तो डायलजवळ असतो, आणि मग अख्खी नळीच चेंबरचा भाग होते. हिशेब करा: आतून ५ मिमी व्यासाची, ३० सेंमी लांब नळी म्हणजे जवळजवळ ६ सीसी पोकळी. आपल्या ३७.४ मध्ये ते ६ मिळवले की ९.८ चा रेशो गेजपुरता ८.६ होतो. इंजिन तेच, आकडा भलताच. छोट्या चेंबरच्या इंजिनात ही चूक जास्त बोचते. आमच्याकडे दोन गेज आहेत. त्याच दोन नंबरवर एकाने १७४ दाखवले, दुसऱ्याने १६१. म्हणून वहीत आकड्यापुढे कोणता गेज तेही लिहितो.

त्या छोट्या व्हॉल्वचाच आणखी एक घोळ. तो खराब झाला की पंक्चरवाल्याकडून टायरचा पिन आणून बसवतात. आट्यांना बसतो, पण टायरच्या पिनची स्प्रिंग कडक. कॉम्प्रेशन गेजचा पिन मुद्दाम हलक्या स्प्रिंगचा असतो. कडक पिन प्रत्येक ठोक्याला थोडा दाब खातो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. गेजबरोबर आलेलाच पिन वापरायचा.

मोजणी. गेज बसवला, थ्रॉटल उघडा, सेल्फ. प्रत्येक सिलिंडरला मोजून सहा ठोके. सुई दर ठोक्याला उडी मारते त्यामुळे मोजता येतं. एकाला चार, दुसऱ्याला आठ असं करू नये. आणि बहुतेक जण नुसता शेवटचा आकडा लिहितात, ते अर्धंच काम. पहिल्या ठोक्याला सुई कुठे गेली तेही लिहायचं. एक नंबर: पहिला ठोका १०५, दुसरा १४५, तिसरा १६२, मग हळूहळू १७२. निरोगी सिलिंडर असंच चढतं, पहिल्याच ठोक्यात निम्म्याच्या वर. रिंगा गेलेलं सिलिंडर पहिल्या ठोक्याला ५०-६० वर येतं, पण पुढे चढत राहतं, कारण दर फेऱ्याला थोडं ऑइल वर येऊन फटी भरतं. व्हॉल्व गळत असेल तर पहिला ठोकाही कमी आणि पुढची चढणही मंद, थोड्या ठोक्यांत सुई जागच्या जागी ठप्प. तीन नंबर: ६५, ९५, ११०, ११६, ११८, ११८. संशय व्हॉल्वकडे झुकला.

झुकला, पण ठरला नाही. म्हणून ओली चाचणी. सिरिंजने ५ मिली इंजिन ऑइल प्लगच्या भोकातून तीन नंबरमध्ये, गेज न लावता दोन फेरे सेल्फ, भोकावर फडकं धरून, नाहीतर ऑइलची पिचकारी थेट तोंडावर. मग मोजणी. आकडा ११८ वरून १२९. रिंगा गेल्या असत्या तर ऑइलने फट भरून आकडा ३०-४० ने उसळला असता.

पण ११ ने तरी का वाढला? इथे पुष्कळ जण 'थोड्या रिंगा, थोडा व्हॉल्व' असं अर्धवट निदान करून मोकळे होतात. ऑइल स्वतः जागा व्यापतं. ३७.४ सीसीच्या चेंबरमध्ये ५ मिली ऑइल म्हणजे उरली ३२.४. कागदावर रेशो ९.८ चा ११ च्या पुढे गेला. त्यातलं बरंच रिंगांकडे उतरतं, तरी काही वाढ नुसत्या त्या भरावाची असते. म्हणून चांगल्या सिलिंडरमध्येही तेवढंच ऑइल टाकून पाहायचं. एक नंबर १७२ वरून १८६ गेला, साधारण आठ टक्के. तीन नंबरही जवळजवळ तेवढ्याच टक्क्यांनी वाढलेला. म्हणजे ऑइलने तीन नंबरचं काही विशेष भलं केलं नाही. रिंगा संशयातून सुटल्या.

डिझेलवाल्यांनी हा प्रयोग करू नये. तिथे चेंबर इतकं चिमुकलं असतं की टाकलेलं ऑइल दाबलं न जाता कनेक्टिंग रॉड वाकवू शकतं. आणि पेट्रोलचा ३०० पीएसआयचा गेज डिझेलला लावला तर तो गेजचा शेवटचा दिवस.

शेजारची दोन सिलिंडरं सारखीच कमी आली असती तर मधल्या भिंतीवर हेड गॅस्केट उडालं असं समजायचं. चारही सारखी कमी आली असती तर आधी बॅटरी, थ्रॉटल आणि गेज पाहायचा, मग टायमिंग बेल्ट एखाद्या दाताने सरकलाय का ते. एखादं सिलिंडर बाकीच्यांपेक्षा खूप जास्त आलं तर काजळीचा थर, नाहीतर वरून ऑइल गळतंय. आणि एवढं सगळं करूनही ऑइल रिंगबद्दल (भिंतीवरचं ऑइल खरवडणाऱ्या खालच्या रिंगेबद्दल) ही चाचणी काहीच सांगत नाही. इंजिन ऑइल खात असून कॉम्प्रेशन उत्तम, असं पुष्कळदा दिसतं.

आता कोणता व्हॉल्व? त्यासाठी लीकडाउन, म्हणजे सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरून किती गळते ते मोजणं. तीन नंबर टीडीसीला (पिस्टन अगदी माथ्यावर), आणि तोही कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व बंद असताना. प्लग काढलेले असल्यामुळे टॉप गिअर टाकून गाडी ढकलली की इंजिन हळू फिरतं. प्लगच्या भोकावर अंगठा धरला, हवा अंगठा उचलायला लागली की कॉम्प्रेशनचा ठोका. मग प्लास्टिकची लांब नळी भोकात घालून ती वर चढायची थांबेपर्यंत. स्क्रू ड्रायव्हर घालू नये. नळी वाकते, स्क्रू ड्रायव्हर अडकतो आणि पिस्टनवर ओरखडा पाडतो. गिअर तसाच ठेवून हँडब्रेक ओढला, चाकांना विटा लावल्या. हे गंमत म्हणून नाही. ७ किलोची हवा ७४.५ मिमीच्या पिस्टनवर पडली की तीनशे किलोंचा जोर होतो. पिस्टन टीडीसीपासून जरा जरी बाजूला असला तर क्रँक झटक्यात फिरतो. पुलीच्या बोल्टवर पाना विसरला असेल तर तो कोणाचं तरी मनगट मोडतो.

लीकडाउन टेस्टरचा आत जाणाऱ्या हवेचा डायल १०० वर लावला. सिलिंडरकडच्या डायलने दाखवले ६४. म्हणजे ३६ टक्के गळती. एक नंबरला ८, दोनला ७, चारला ९. दहाच्या आत असेल तर तब्येत चांगली, वीसपर्यंत चालून जातं, तीसच्या वर कारण शोधायलाच हवं. फोर्ज्ड पिस्टन असते तर थंड इंजिनावर गळती थोडी जास्त दिसली असती, कारण ते मुद्दाम सैल बसवतात. इथे साधे कास्ट पिस्टन आहेत.

हवा चालू ठेवून कानोसा घेतला. ऑइल भरायच्या झाकणाला कान लावला, हलकी हुळहुळ, ती प्रत्येक इंजिनात असते. रेडिएटरचं झाकण उघडं (इंजिन तोवर निवलेलं होतं, हे सांगायला हवं), पाण्यात बुडबुडे नाहीत. थ्रॉटल बॉडीत शांत. सायलेन्सरच्या तोंडाशी गेलो तर स्वच्छ 'सूंऽऽ'. हाताला गार हवा लागत होती. एक्झॉस्ट व्हॉल्व.

इथे हेड उतरवायचा मोह होतो. त्याआधी टॅपेट, म्हणजे रॉकर (व्हॉल्व दाबणारी दांडी) आणि व्हॉल्व यांच्यातली फट पाहायची, ते फुकट आहे. टॅपेट थंड इंजिनावर मोजतात, आणि मे महिन्यात सोलापुरात दुपारी बंद केलेलं इंजिन संध्याकाळी थंड झालं असं कोणी म्हणू नये. बॉनेट उघडं ठेवून रात्रभर सोडलं, सकाळी सहाला कव्हर उघडलं. या कॅमला इनटेक ०.२० आणि एक्झॉस्ट ०.२५ मिमी ठेवतो. बाकीचे एक्झॉस्ट ०.२२ ते ०.२४. तीन नंबरच्या दोन एक्झॉस्टपैकी पुढचा ०.२२. मागच्यात फट मोजायच्या फीलर गेजचं ०.०५ चं सगळ्यात पातळ पातंही शिरेना. थंडीतच शून्य, गरम झाल्यावर व्हॉल्व लांबतो आणि रॉकर त्याला सीटवर (हेडमधल्या त्याच्या बसायच्या कडीवर) पूर्ण टेकूच देत नाही. कॉम्प्रेशन तिथून निसटत होतं.

लॉकनट सैल करून स्क्रू मागे घेतला, ०.२५ चं पातं किंचित ओढ लागेल इतपत ठेवून नट आवळला आणि पुन्हा मोजलं. नट आवळताना स्क्रू त्याच्याबरोबर फिरतो, त्यामुळे दुसऱ्यांदा मोजणं सक्तीचं. मग एक फेरा गरम करून मोजणी: तीन नंबर १६१, लीकडाउन १७ टक्के. पूर्ण बरा नाही, पण ११८ वरून १६१. व्हॉल्वची कड जळून तुटली असती तर टॅपेट कितीही सैल केला तरी आकडा हलला नसता. म्हणजे जळायच्या बेतात होता, जळला नव्हता. सीटवर साचलेली काजळी चालवल्यावर ठोकून ठोकून निघते.

प्लग परत बसवताना आधी हाताने, आटे नीट लागेपर्यंत, मग टॉर्क रेंचने २५ न्यूटन मीटर. ओल्या चाचणीचं ऑइल जळेपर्यंत पहिली दोन मिनिटं सायलेन्सरमधून निळा धूर येतो. तो पाहून शेजारच्या गॅरेजवाल्याने 'रिंगा गेल्या' असं जाहीर केलंच.

आता टॅपेट आवळला का गेला? झिजून टॅपेट सैल होतात असंच सगळ्यांना वाटतं. एक्झॉस्टला बहुधा उलटं घडतं: व्हॉल्व सीटमध्ये खाली बसत जातो, दांडा वर येतो, फट संपते. सीएनजी किट लावलेल्या गाड्यांना हा रोगच असतो, कारण कोरड्या इंधनात सीटला जरासुद्धा ओलावा मिळत नाही. ही गाडी पेट्रोलवरच आहे. पण हेडच्या कामात याच पोर्टला नवीन सीट बसवलेली. सीट नीट थंड-गरम करून ठोकली नसेल तर ती चालता चालता दबत जाते. किंवा सीटची पट्टी फार अरुंद कापलेली असेल. एक्झॉस्टला सव्वा ते दीड मिमीची पट्टी हवी. रेसिंगच्या नादात पाऊण मिमीची कापली की व्हॉल्वची उष्णता हेडमध्ये जायला वाटच उरत नाही, आणि तापलेला व्हॉल्व मऊ सीट चेचत जातो. शिवाय घासलेल्या कॅमचं बेस सर्कल (उंचवटा सोडून उरलेला गोल भाग) मूळ कॅमपेक्षा लहान होतं, त्यामुळे अ‍ॅडजस्टरचे स्क्रू मुळापेक्षा बरेच बाहेर येऊन काम करतात. अशा इंजिनाचे टॅपेट पहिल्या १००० किमीनंतर आणि मग दर ५००० ला तपासायचे असतात. या गाडीचे १००० नंतर तपासले गेले, पुढे ६००० पर्यंत कोणी कव्हर उघडलं नाही.

३०० किमीनंतर, पहाटे थंड इंजिनावर पुन्हा कव्हर उघडलं. घाटात गाडी आता तिसऱ्यात ओढते. कॉम्प्रेशन तीन नंबर १६८, लीकडाउन ११ टक्के. पण त्याच मागच्या एक्झॉस्टची फट ०.२५ वरून ०.२१ झालेली. बाकी पंधराही जागच्या जागी. सीट अजून दबतेय. वहीत लिहिलंय: पुढची मोजणी ८०० किमीवर, ०.१८ च्या खाली गेली तर हेड उतरवायचं आणि तेवढी एक सीट बदलायची.